शाळेचं छप्पर गळतंय, पैसा कुणाकडे मागायचा?

पहिला पाऊस पडला की गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एकच विषय निघतो, गळतीचा. शाळा सरकारी, मग दुरुस्तीला पैसा का नाही, असं पालक विचारतात. मुख्याध्यापक सांगतात, प्रस्ताव पंचायत समितीला गेलाय. सरपंच म्हणतात, एवढा खर्च ग्रामपंचायतीला झेपणार नाही. पंचायत समितीतून उत्तर येतं, यंदाच्या यादीत तुमच्या शाळेचं नाव नाही. यातलं कुणीच खोटं बोलत नसतं. शाळेच्या इमारतीसाठीचा पैसा एका ठिकाणाहून येतच नाही. तो पाच-सहा वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचे नियम वेगळे, महिने वेगळे, सह्या करणारे वेगळे.

कोणत्या कामाला कोणती वाट हे पालकांना माहीत असलं तर दरवर्षीचा तोच तोच वाद टळेल, आणि कदाचित त्याहून फार मोठं काही टळेल. ऑगस्ट २०१७ मध्ये नगरजवळच्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छत पावसात कोसळलं आणि तीन मुलं दगावली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात, पिपलोदी गावातल्या शाळेचं छत पडून सात मुलं गेली. म्हणून विषय किचकट वाटला तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

इमारत एकाची, तिजोरी दुसऱ्याची

ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. शाळेची इमारत जिल्हा परिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत असते. म्हणजे कागदोपत्री मालक जिल्हा परिषद. शिक्षकांचे पगार मात्र राज्य सरकारच्या तिजोरीतून येतात, ते जिल्हा परिषदेमार्फत फक्त वाटले जातात. जिल्हा परिषदेचं स्वतःचं उत्पन्न, ज्याला सगळे ‘सेस फंड’ म्हणतात, ते फार तुटपुंजं. जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा, ठेवींवरचं व्याज, काही भाडी. त्यातून रस्ते, दवाखाने, अंगणवाड्या, समाजकल्याण असं सगळं बघायचं असतं. शेकडो शाळांची छपरं त्यातून सांभाळणं शक्य नाही.

राज्यात एक लाखाहून जास्त शाळा आहेत आणि त्यातल्या साठ हजारांहून जास्त सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. शालेय शिक्षण विभागाचा अर्थसंकल्पातला आकडा म्हणूनच डोळे दिपवणारा असतो. पण त्याचा फार मोठा हिस्सा वेतनावर जातो. वेतनावरचा खर्च फुकट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. शिक्षक नसेल तर खोलीचा उपयोग काय? मुद्दा एवढाच की ‘शिक्षणावर एवढे कोटी’ ही बातमी वाचून आपल्या शाळेच्या भिंतीला त्यातलं काही येईल असं धरून चालू नये. इमारतींसाठी उरतो तो हिस्सा लहान असतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार शाळेची इमारत आणि इतर सुविधा पुरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे आणि कलम ८ ने तीच जबाबदारी राज्य सरकारवरही टाकली आहे. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत काय काय हवं ते लिहिलंय: सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, आहार शिजवण्यासाठी स्वयंपाकघर, मैदान, कुंपण. यासाठी तीन वर्षांची मुदत होती. ती २०१३ मध्येच संपली.

बांधण्याच्या मोहिमा आल्या, सांभाळण्याची एकही आली नाही

आज गळणाऱ्या खोल्या कधीच्या आहेत हे पाहिलं की गोष्ट उलगडते. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, असं तिचं उद्दिष्ट होतं. १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. महाराष्ट्रात तो लातूर, नांदेड, परभणी या मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत सुरुवातीलाच पोचला. मग २००१ पासून सर्व शिक्षा अभियान. या अभियानात गावोगाव खोल्या उभ्या राहिल्या आणि त्या ठेकेदाराकडून नव्हे, गावच्या समितीकडून बांधून घ्यायच्या होत्या. खातं समितीचं, सही मुख्याध्यापकाची. कित्येक शिक्षकांनी शाळा सुटल्यावर सिमेंटची पोती मोजली, खडीच्या ट्रॅक्टरसाठी फोन केले, स्लॅब पडेपर्यंत रात्री जागले. काही खोल्या अतिशय छान झाल्या, काही घाईत उरकल्या गेल्या.

त्या खोल्या आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. स्लॅबला तडे जायचं, सळई गंजून पोपडे पडायचं हेच वय. पण या प्रत्येक मोहिमेची मोजदाद ‘किती खोल्या बांधल्या’ अशी होती. बांधलेल्या खोलीवर पुढची तीस वर्षं दरसाल किती खर्च करायचा आणि तो कुणी द्यायचा, याची तरतूद कुठल्याच मोहिमेत नीट झाली नाही. कोकणात कौलारू घराची शाकारणी दर मेमध्ये होते, कारण एक वर्ष चुकलं तर वासे कुजतात हे घरातल्या लहान पोरालाही कळतं. शाळेच्या छपराला असा ठरलेला माणूस, ठरलेला महिना आणि ठरलेली रक्कम नाही. मला विचाराल तर आपल्या शाळांच्या इमारतींचं खरं दुखणं हेच आहे.

संयुक्त शाळा अनुदान

२०१८-१९ पासून सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक प्रशिक्षणाची योजना एकत्र करून समग्र शिक्षा सुरू झाली. यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. राज्यात हा पैसा महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत येतो. यातली एक रक्कम दरवर्षी थेट शाळेसाठी असते, ती म्हणजे संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. ३१ ते १०० पटाला २५,०००. १०१ ते २५० ला ५०,०००. २५१ ते १,००० ला ७५,००० आणि त्यावर १ लाख.

आता २८ पटाची, दोन खोल्यांची वाडीवरची शाळा घ्या. तिला वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ८३३. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असा नियम आहे. उरलेल्यात वीजबिल, खडू, हजेरीपत्रकं, छपाई, पंख्याची वायंडिंग, नळाची तोटी, आणि जमलं तर किरकोळ दुरुस्ती. छपराला हात घालायला काय उरणार? पट अनुदान ठरवतो, पण छप्पर पटावर ठरत नाही. २८ मुलांच्या दोन खोल्यांचा स्लॅब ७० मुलांच्या दोन खोल्यांइतकाच मोठा असतो आणि पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. दुर्गम वस्तीवरच्या, आदिवासी पाड्यावरच्या शाळांचा पट मुळातच कमी, म्हणजे ज्यांना दुसरी शाळाच नाही त्यांच्याच छपराला सर्वांत कमी पैसा. हा निकष बदलून अनुदानाचा एक भाग खोल्यांच्या क्षेत्रफळावर आणि इमारतीच्या वयावर द्यायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय हे पैसे हातात पडतात कधी? आता शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम साठत नाही. शून्य शिल्लक असलेल्या खात्याला खर्चाची मर्यादा दिली जाते आणि पुरवठादाराला पीएफएमएस या संगणकीय प्रणालीतून पैसे जातात. मर्यादा वर्षाच्या शेवटी आली तर ३१ मार्चच्या आत कोटेशन, बिल, समितीचा ठराव, सगळं उरकावं लागतं, नाहीतर मर्यादा जाते. म्हणून कित्येक शिक्षक जूनमध्ये कुलूप-कडी-बल्ब पदरच्या पैशांनी आणतात.

मोठ्या कामाची वाट नियोजन समितीतून

स्लॅब बदलायचा, खोली नव्यानं बांधायची, तर मुख्य आधार जिल्हा वार्षिक योजनेचा. लोक याला सरसकट ‘डीपीसी’ म्हणतात. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी. राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्याला एक कमाल रक्कम ठरवून देतं, तिला नियतव्यय म्हणतात. त्यातून जिल्हा परिषदेला प्राथमिक शाळांच्या बांधकामासाठी वेगळा आणि विशेष दुरुस्तीसाठी वेगळा निधी मिळतो. आदिवासी भागासाठी आदिवासी उपयोजनेची तरतूद स्वतंत्र असते.

यादीत नाव येण्याआधी कागदाला लांबचा प्रवास करावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग मुख्याध्यापकाचं पत्र केंद्रप्रमुखामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे. बांधकाम उपविभागाचा कनिष्ठ अभियंता येऊन पाहणी करतो आणि अंदाजपत्रक करतो. ते तालुक्यातून शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडे जातं, तिथे जिल्ह्याची यादी बनते. निधीत बसलं तर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंदी आणि त्यानुसार बिलं.

इथे एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, ‘दायित्व’. मागच्या वर्षी मंजूर झालेली पण पूर्ण न झालेली कामं म्हणजे दायित्व, आणि या वर्षीच्या पैशावर पहिला हक्क त्यांचा. पाच कोटी आले आणि तीन कोटींचं दायित्व असेल तर नव्या कामांना उरले दोनच. निधी आला असं ऐकूनही आपलं काम होत नाही, त्यामागे बहुधा हे असतं. जिल्हा परिषदेला हा निधी खर्चायला ते वर्ष आणि पुढचं वर्ष अशी मुदत मिळते. तोवर खर्च झाला नाही तर तो शासनाला परत जातो. तुमच्या जिल्ह्यात शाळा दुरुस्तीचा किती निधी परत गेला, हा प्रश्न दरवर्षी विचारला गेला पाहिजे. पूर्वी तो जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत सदस्य विचारायचे. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, तिथे प्रशासक आले आणि पुढे कित्येक वर्षं हे प्रश्न विचारणारे निवडून आलेले सदस्यच सभागृहात नव्हते. शाळांचं त्यात नुकसान झालं.

वेळापत्रकाची अडचण आणखी वेगळी. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण याद्या, मान्यता, निविदा यांत पावसाळा निघून जातो आणि कामं हिवाळ्यात सुरू होऊन मार्चमध्ये धावपळीत संपतात. छपराच्या कामाला योग्य महिने एप्रिल आणि मे. शाळेला सुट्टी, खोल्या रिकाम्या, आकाश कोरडं. नेमक्या त्याच दिवसांत जुनं वर्ष मिटलेलं असतं आणि नव्या वर्षाचा निधी आलेला नसतो. मग जूनमध्ये मुलं तशाच खोलीत बसतात, किंवा दोन वर्ग एका खोलीत.

पाडायलाही मंजुरी लागते

पालकांना सर्वांत न कळणारी गोष्ट ही असते. खोली धोकादायक आहे हे सगळ्यांना दिसतंय, मग ती पाडत का नाहीत? कारण ती जिल्हा परिषदेची नोंदलेली मालमत्ता आहे. ती नोंदीतून काढून टाकण्याच्या प्रक्रियेला निर्लेखन म्हणतात. बांधकामाचं वर्ष, फोटो, समितीचा आणि ग्रामपंचायतीचा ठराव, इमारत वापरायोग्य नाही असा अभियंत्याचा दाखला, निघणाऱ्या लाकडाची, पत्र्याची, दगडाची किंमत, असा सगळा प्रस्ताव जिल्हा परिषदेत जातो. मंजुरी मिळाली की साहित्याचा लिलाव आणि मग पाडकाम.

निर्लेखन झालेलं नसेल तर कागदावर ती खोली अस्तित्वात असते. नव्या खोलीची मागणी केली की उत्तर येतं, तुमच्याकडे पुरेशा खोल्या आहेत. म्हणून नवी खोली हवी असेल तर सुरुवात बांधकामाच्या अर्जानं करू नका, निर्लेखनाच्या प्रस्तावानं करा. आणि तो मंजूर होईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावून, बाहेरून दोरी बांधून, मुलांना तिच्या भिंतीजवळही खेळू देऊ नका. पडणारी भिंत बाहेरच्या बाजूलाही पडते.

जागेचा कागदही तपासा. गावात कुणी आजोबांनी शाळेला तोंडी जागा दिलेली असते, बक्षीसपत्र कधी झालंच नाही आणि सातबारा अजून त्यांच्या नातवंडांच्या नावावर. एरवी कुणाची हरकत नसते, पण नव्या इमारतीच्या वेळी प्रस्ताव इथेच अडकतो. चांगले संबंध आहेत तोवर तो कागद करून घ्यावा.

तसंच यू-डायसचा अर्ज. दरवर्षी प्रत्येक शाळा यात माहिती भरते आणि समग्र शिक्षाचा वार्षिक आराखडा त्यावरच बनतो. किती खोल्या चांगल्या, किती किरकोळ दुरुस्तीच्या, किती मोठ्या दुरुस्तीच्या, असे रकाने त्यात असतात. मागच्या वर्षीचीच माहिती पुढे ढकलली गेली आणि गळकी खोली ‘चांगली’ राहिली, तर वर कुणालाही ती गळते हे कळण्याचा मार्ग नाही. समितीच्या अध्यक्षांनी अर्ज भरताना मुख्याध्यापकांशेजारी बसावं. समितीचे ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि अध्यक्षही पालकांतूनच निवडला जातो, ते याचसाठी.

गावाच्या हातातला पैसा

वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीला थेट मिळतो. मार्च २०२६ पर्यंतच्या पंधराव्या आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा होता. त्यातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. उरलेला ४० टक्के अबंधित, गावच्या गरजेप्रमाणे वापरायचा, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. शाळेचं स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी ही कामं बंधित निधीत बसवता येतात. वीज, रंगरंगोटी, कुंपण यांचा विचार अबंधितमध्ये होऊ शकतो. अट एकच, काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असलं पाहिजे. आराखडा बनवण्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. जूनमध्ये गळती लागल्यावर सरपंचाकडे गेलं तर तो आराखडा कधीच मंजूर झालेला असतो. ऑक्टोबरच्या ग्रामसभेला दहा आया एकत्र गेल्या आणि त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय ठरावात लिहून घेतला, तर तो सहसा टाळता येत नाही.

आमदार आणि खासदार निधीतूनही खोल्या होतात. दोघांनाही वर्षाला प्रत्येकी पाच कोटी असतात आणि मागणारे हजार. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे शाळांकडे वळला, पण तो कारखाने आणि महामार्गांजवळच्या शाळांना जास्त मिळतो, मेळघाटातल्या शाळेपर्यंत फार क्वचित पोचतो. २०२३ मध्ये राज्यानं शाळा दत्तक देण्याची योजना आणली. त्याच सुमारास ‘माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानही सुरू झालं, त्यात पहिल्या क्रमांकाला लाखोंचं बक्षीस. या स्पर्धेनं कित्येक शाळांत उत्साह आला हे मी पाहिलंय. तरी बक्षिसाचा पैसा आधीच सुंदर असलेल्या शाळेला मिळतो आणि देणगीदार आपल्या मर्जीनं येतो. ज्या शाळेचं छप्पर सर्वांत जास्त धोक्यात आहे तिला पैसा हमखास पोचेल अशी व्यवस्था यातून होत नाही. ते काम सरकारचंच.

दुरुस्ती मंजूर झाली की गावाचं काम संपत नाही, हेही सांगायला हवं. अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्या. दिली नाही तर माहिती अधिकारात मागा. त्यात जलरोधक थर किती क्षेत्रावर, कोणत्या प्रतीचा पत्रा, किती दरवाजे-खिडक्या, सगळं लिहिलेलं असतं आणि काम चालू असताना ते तपासता येतं. कामाच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो, म्हणजे एवढ्या काळात काम बिघडलं तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं. तो किती महिन्यांचा आहे ते कार्यारंभ आदेशातून लिहून घ्या. पहिल्याच पावसाळ्यात नवं छत गळलं तर तारखेसह फोटो काढा, समितीचा ठराव करा आणि मुदत संपायच्या आत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी पत्र द्या, पोच घेऊन.